घरीं जुळविलेली मोटार चढावर कां थांबते?

मोटारीचें इंजिन चालतांचालतां बंद पडण्याच्या तऱ्हा मुख्यतः दोन. फुंकर मारून दिवा मालवावा तसें तें एका क्षणांत थांबतें, ही पहिली. दमेकरी माणूस चढ चढतांना जसा ठेंचाळत, धापा टाकीत थांबतो, तसें आचके देत आणि जोर गमावीत तें थांबतें, ही दुसरी. पहिल्या तऱ्हेंत दोष बहुधा विजेच्या ठिणगीचा असतो, दुसरींत बहुधा पेट्रोलाच्या पुरवठ्याचा. एवढा भेद मनांत पक्का असला, तरी पुष्कळ वेळ आणि पैसा वांचतो. कारण रस्त्याच्या कडेला जमलेली मंडळी जो सल्ला देतात, तो या दोहोंची गल्लत करूनच दिलेला असतो.

कारखान्यांतून बाहेर पडलेल्या मोटारीची गोष्ट सोपी आहे. तिचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाच्या मापानें बेतलेला असतो आणि तिच्या दुरुस्तीचें पुस्तकही मिळतें. परंतु जी मोटार कोणीं अंगणांत जुळविली, जिचें इंजिन एका गाडीचें, टांकी वेल्डरच्या हातची आणि नळ्या बाजारांतून वीतभर-हातभर मोजून आणलेल्या, तिचें पुस्तक कोठून असणार? इंग्लंडांत लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही मोटार १९५७ पासून सुट्या भागांच्या रूपांतही मिळूं लागली, आणि ती घरीं जुळविली म्हणजे खरेदीवरचा कर वांचत असे. पण त्या पेटींतले भाग निदान एकमेकांसाठीं केलेले असत. आपल्याकडची जुळवणी भंगाराच्या ढिगांतून होते, आणि तरीही ती होते, हें विशेष. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं ‘मीरा’ नांवाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेनें घडविली आणि वर्षानुवर्षें तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं सुमारें साठ हजार रुपये खर्चून जुन्या भागांतून एक चारचाकी उभी केली. ती दुचाकीप्रमाणें पायानें किक मारून सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरांत तिची कीर्ति देशभर पसरली, उद्योगपति आनंद महिंद्रा यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली आणि २०२२ च्या जानेवारींत ती लोहार यांच्या घरीं आली.

बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढून आलें म्हणजे बालाघाटचें पठार लागतें. या पठारावर, केजकडे जाणाऱ्या वाटेवर, नेकनूर हें बाजाराचें गांव आहे. अशा गांवांत वेल्डिंगचें दुकान, भंगारवाला आणि हौशी हात या तिन्ही गोष्टींची गांठ सहज पडते. समजा, तेथील एखाद्या तरुणानें जुन्या मारुति ८०० चें तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरचें, कार्बुरेटरवर चालणारें इंजिन लोखंडी सांगाड्यावर बसविलें. मागें वैरणीच्या पेंढ्या आणि दुधाचे कॅन ठेवण्यापुरती जागा केली. पत्र्याची टांकी करून घेतली. आणि गाडी चालूं लागली. सपाटीवर ती उत्तम पळते. मात्र ओढ्यांतून शेताकडे चढणाऱ्या गाडीवाटेवर, भरल्या भारानें, वैशाखाच्या दुपारीं, ती थोडें अंतर जातांच आचके देऊं लागते आणि थांबते. दहा मिनिटें विसावा दिला कीं जणूं कांहींच झालें नव्हतें अशी पुन्हां सुरू होते.

हा त्रास केवळ खोळंब्याचा नाहीं. भरलेली गाडी चढावर थांबली म्हणजे ती मागें घसरूं पाहते, आणि घरीं बसविलेल्या ब्रेकांवर तिचा सारा भार येतो. मागें दुधाच्या कॅनांबरोबर घरचीं पोरें बसलेलीं असलीं, तर पेट्रोलाच्या नळींतला एक बुडबुडा प्राणांशीं गांठ घालूं शकतो. येथें कायद्याचाही एक शब्द सांगितला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून कोणतेंही वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवितां येत नाहीं, आणि पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्य संस्थेच्या चांचणीवांचून नव्या बनावटीच्या गाडीला नोंदणी मिळत नाहीं. तेव्हां अशा गाडीला मांजरसुंब्याच्या घाटांत स्थान नाहीं. शेताच्या वाटा तिला मोकळ्या आहेत, आणि चढाची उणीव त्या वाटांवरही नाहीं.

आतां ‘दहा मिनिटांच्या विसाव्यानें बरी होते’ या लक्षणाकडे वळूं. हेंच लक्षण शोधाची किल्ली आहे आणि हेंच फसवितें, कारण तीन अगदीं निरनिराळे दोष हुबेहूब असेंच वागतात.

पहिला दोष टांकीच्या श्वासाचा. टांकींतून जेवढें पेट्रोल बाहेर जातें, तेवढी हवा आंत आली पाहिजे. त्यासाठीं झांकणांत बारीक भोंक असतें किंवा टांकीला वेगळी श्वासनळी असते. मूळ मारुतींत ही सोय नळीनें केलेली होती. पत्र्याच्या घरगुती टांकींत ती करावयाची राहून जाते, किंवा केलेलें भोंक रंगानें वा धुळीनें बुजतें. मग टांकीच्या पोटांत पोकळी निर्माण होते, आणि पंप एका बाजूनें ओढीत असतां ती पोकळी दुसऱ्या बाजूनें ओढीत राहते. गाडी थांबली म्हणजे हवा कोठून तरी झिरपून आंत येते आणि रस्सीखेंच संपते.

दुसरा दोष कचऱ्याचा. गंजाचा पोपडा किंवा वेल्डिंगचा थर सुटून टांकीच्या तळाशीं पडतो. पेट्रोलाचा ओघ वाढला कीं तो उचलला जाऊन शोषनळीच्या तोंडावर चिकटतो. ओघ थांबला कीं पुन्हां तळाशीं जाऊन बसतो.

तिसरा दोष उष्णतेचा. पेट्रोल हा एकजिनसी द्रव नाहीं, अनेक द्रवांचें तें मिश्रण आहे, आणि त्यांतले हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांवरच वाफ होऊं लागतात. बीडकडच्या उन्हाळ्यांत दुपारची हवाच चाळीस अंशांच्या वर जाते. मग धुराड्याच्या तापलेल्या नळीशेजारून नेलेल्या पेट्रोलाच्या नळींत काय होत असेल? पंप ज्या बाजूनें ओढतो तेथें दाब कमी असतो आणि कमी दाबाखालीं वाफ अधिकच लवकर होते. पंपाला द्रव ढकलतां येतो. वाफ नुसती दबते आणि फुगते. इंजिन निवलें, वाफेचें पुन्हां पेट्रोल झालें, कीं गाडी चालूं लागते.

तिन्ही दोष विसाव्यांत नाहींसे होतात; म्हणून गाडी थांबल्यावर गप्पा मारीत बसून मग तपासणी करूं लागणें व्यर्थ होय. दोष हजर आहे तोंवरच त्याची साक्ष घ्यावी. चाकांमागें दगड लावून घ्यावे, आंतली माणसें उतरवावीं आणि पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी कराव्या. या तिहींपैकीं एकींतही पेट्रोलाची नळी उघडावी लागत नाहीं; तापलेल्या इंजिनापाशीं ती उघडूंही नये.

टांकीचें झांकण सावकाश सैल करावें व कान लावावा. ‘स्‌स्‌’ असा हवा आंत शिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गाडी सुरू झाली, तर श्वास कोंडला होता. आवाज आला नाहीं, तर पंपावर आणि त्याच्याकडे येणाऱ्या नळीवर पाण्यानें भिजविलेलें फडकें ठेवावें. त्यानें दोन मिनिटांत गाडी शुद्धीवर आली, तर उष्णतेचा संशय बळावतो. तिसरी परीक्षा चोकची. इंजिन आचके देत असतांनाच चोक थोडा ओढावा. चोक हवा कमी करतो, म्हणजे पेट्रोलाचें प्रमाण वाढवितो. त्यानें इंजिन सांवरलें, तर तें पेट्रोलाला भुकेलें होतें हें सिद्ध झालें. उलट तें अधिकच गुदमरलें, तर पेट्रोल कमी नसून जास्त येत असावें, आणि सगळा शोध कार्बुरेटरकडे वळवावा.

पुढचें काम घरीं, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या हवेंत करावयाचें. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती खड्ड्यांत, तळघरांत, जमिनीलगत सांचून राहते आणि कित्येक हात दूर असलेल्या विडीपर्यंत पोंचते. बॅटरी असलेल्या गाडीखालीं खड्डा करून पेट्रोलाची नळी सोडणें हा शुद्ध अविचार होय. तोंडानें नळी ओढून पेट्रोल काढण्याची खेडोपाडीं रूढ असलेली रीतही तितकीच वाईट. एक घोट श्वासनळींत गेला, तर फुप्फुसाचा जीवघेणा दाह होतो.

मोजमाप असें करावें. पूर्ण जोरावर चालणारें हें इंजिन ताशीं सुमारें दहा-अकरा लिटर पेट्रोल खातें. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पावणेदोनशें मिलिलिटर, आणि पंधरा सेकंदांत पंचेचाळीसच्या आसपास. ठिणगीच्या कॉइलची तार काढून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडणार नाहीं. कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडून ती धातूच्या डब्यांत धरावी आणि पंधरा सेकंद स्टार्टर फिरवावा. नंतर डब्यांतलें पेट्रोल मापाच्या भांड्यांत ओतून पाहावें. स्टार्टरवर इंजिन सावकाश फिरतें, तरीही पन्नास-साठ मिलिलिटर पेट्रोल ठोके मारीत आलें, तर पंप आणि त्याच्या मागची वाट बहुतेक निर्दोष समजावी. थेंबथेंब आलें, किंवा पेट्रोलाबरोबर फेंस आला, तर दोष पंपांत किंवा पंपाच्या मागें. एका मापानें अर्धी गाडी संशयांतून सुटते.

घरीं जुळविलेल्या गाडीचा खास रोग येथेंच उघडकीला येतो. तिचे सुटे भाग एकेकटे तपासले तर सारे चांगले निघतात. बिघाड असतो तो त्यांच्या सोयरिकींत. गाळणीचेंच उदाहरण घ्यावें. मोटारसायकलीची प्लॅस्टिकची चिमुकली गाळणी स्वस्त आणि सहज मिळणारी असते, म्हणून तीच बसविली जाते. शंभर घनसेंटिमीटरच्या मोटारसायकलीला पूर्ण जोरावरही मिनिटाला चाळीसेक मिलिलिटर पेट्रोल पुरतें. या इंजिनाला त्याच्या चौपटीहून अधिक लागतें. सपाटीवर, अर्ध्या जोरानें चालतांना, ही गाळणी कशीबशी पुरी पडते. चढावर भार आला कीं ती अपुरी पडते. ती नवी आहे, स्वच्छ आहे, आणि तरीही दोष तिचाच आहे. अशा वेळीं ‘गाळणी तर परवांच बदलली’ हें उत्तर ऐकूं येतें. पण त्या मोटारसायकलीच्या गाळणीजागीं मोटारसायकलीचीच दुसरी गाळणी आली असेल, तर बदलल्याचा उपयोग काय?

पंपाचेंही तसेंच. हा पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवट्यानें हलतो; त्याची दांडी आंतला रबरी पडदा खालींवर करते. पंप आणि इंजिन यांच्यामध्यें ठराविक जाडीची एक बैठक असते. ती उष्णता अडविते आणि दांडीची चाल किती राहावी हेंही ठरविते. तेल गळतें म्हणून कोणीं दोन पॅकिंगें एकावर एक चढविलीं, तर दांडीची चाल तेवढी तोकडी होते, आणि पंप नवा कोरा असूनही पेट्रोल कमी देतो. बैठक गाळून पंप सरळ लोखंडावर बसविला, तर तो तापतो आणि वाफेचा दोष ओढवून घेतो.

सर्वांत कपटी दोष मात्र शोषणाच्या बाजूच्या सैल जोडाचा. पंपाच्या पुढच्या नळीला चीर गेली तर पेट्रोल ठिबकतें, वास येतो, माणूस सावध होतो. टांकी आणि पंप यांच्यामधल्या नळींत दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी असतो. तेथील चिरेंतून पेट्रोल बाहेर न येतां हवाच आंत ओढली जाते. जमिनीवर एक थेंब पडत नाहीं, आणि पंप मात्र हवा पीत राहतो. ज्या नळीवर टिचकी मारून मिस्त्री ‘येथें कांहीं गळत नाहीं’ असें सांगतो, तीच नळी गुन्हेगार असूं शकते. यावर उपाय सोपा आहे: पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक पेट्रोल-नळी तात्पुरती जोडावी आणि इंजिन चालू असतां तिच्यांतून काय जातें तें पाहावें. बुडबुड्यांची माळ दिसली, कीं मागचा एकेक जोड तपासावा. तारेनें आवळलेले जोड काढून तेथें मापाच्या क्लिपा घालाव्या. तार नळीला दोनच ठिकाणीं चिमटते आणि मधें फट ठेवते.

ज्यांच्या गाडींत पंपच नाहीं, मोटारसायकलीची टांकी उंचावर ठेवून पेट्रोल आपल्या वजनानें उतरविलें आहे, त्यांचा चढावरचा हिशेब वेगळा आणि मोठा मौजेचा आहे. टांकी कार्बुरेटरच्या दोन मीटर मागें आणि त्याहून वीस सेंटिमीटर उंच आहे असें समजावें. दहांत एक चढाच्या वाटेवर गाडीचें तोंड वर होतें, तेव्हां दोन मीटर मागची टांकी कार्बुरेटरच्या मानानें वीस सेंटिमीटर खालीं जाते. उंची शून्य झाली. पेट्रोल कोणाच्या जोरावर वाहणार? टांकी भरलेली असेल तर आंतल्या पातळीची थोडी उंची हाताशीं राहते आणि गाडी चढते. अर्धी झाली कीं चढत नाहीं. मग मालक पेट्रोल-पंपावर भेसळीचा आळ घालतो, कारण त्याच्या अनुभवांत ‘ताजें पेट्रोल भरलें कीं गाडी चालते’. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींतही, जी १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटींच्या संख्येनें निघाली, टांकी पुढच्या बैठकीखालीं असून पेट्रोल वजनानेंच उतरे. उभ्या चढावर तिचे मालक गाडी फिरवून उलटी, मागल्या तोंडानें चढवीत. नेकनूरच्या शिवारांत तसें करण्याची गरज नाहीं. टांकी कार्बुरेटरच्या जवळ आणून नीट उंच बसवावी, किंवा सरळ पंप लावावा.

पंपापर्यंत सर्व ठीक ठरलें, तरच कार्बुरेटर उघडावा. प्रत्यक्षांत उलटेंच होतें. सर्वांत आधीं हात त्यालाच लागतो, कारण त्याचे स्क्रू समोर दिसतात. त्याच्या पोटांत एक तरंगती डबी असते. पातळी भरली कीं ती एका सुईनें पेट्रोलाचें दार लावते, उतरली कीं उघडते. सुईवर चिकटा बसला, किंवा डबीची पातळी चुकीची लावली, तर चढावर तिरक्या झालेल्या पेट्रोलाचें जेटचें तोंड उघडें पडतें. जेटचें भोंक सुमारें एक मिलिमीटरचें असतें. त्यांत तार घालून साफ करण्याची संवय सोडावी. पितळ मऊ असतें, भोंक मोठें होतें, आणि पुढें गाडी धूर कां सोडते याचा शोध वेगळाच सुरू होतो. हवेच्या झोतानें जेट साफ होतो.

राहतां राहिलें पेट्रोल. २००३ मध्यें भारतांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्यें तें प्रमाण दहा टक्क्यांवर पोंचलें, आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचें पेट्रोल विक्रीस येऊं लागून २०२५ मध्यें तें देशभर सर्वत्र झालें. या इथेनॉलाचा कांहीं भाग उसाचा, मळीचा. बीड जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊसतोडीला जातात. त्यांनीं तोडलेला ऊस असा नळींतून गांवीं परत येतो म्हणावयाचें. जुन्या इंजिनाच्या दृष्टीनें त्याचे गुण तीन. इथेनॉल जुनाट रबराला फुगवितें आणि पुढें तें तडकतें. म्हणून नळ्या, पंपाचा पडदा आणि सुईची टोंपी इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचीच घ्यावी. तें टांकींतला जुना चिकटा आणि गंज सोडवितें, तेव्हां पहिल्या कांहीं टांक्यांत गाळणी वारंवार भरते. आणि तें पाणी शोषून घेतें. पाणी मर्यादेपलीकडे गेलें कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळा थर होतो, आणि शोषनळी नेमकी तोच थर उचलते. टांकीच्या तळाचें थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत घेऊन तासभर स्थिर ठेवावें. खालीं वेगळी रेघ दिसली तर टांकी रिकामी करून वाळविणें भाग आहे. शिवाय इथेनॉलांत मुळांतच प्राणवायु असल्यानें या मिश्रणाचें पेट्रोल सात-आठ टक्के अधिक लागतें. जुन्या जेटचें इंजिन त्यामुळें थोडें उपाशीच चालतें. एवढ्यानें तें बंद पडत नाहीं, पण आधींच काठावर असलेल्या गाडीला तेवढा धक्का पुरतो.

दुरुस्ती झाल्यावरची परीक्षा सकाळच्या गारव्यांत, रिकाम्या गाडीनें, सपाट वाटेवर घेण्यांत अर्थ नाहीं. तशी ती पूर्वींही चालतच होती. टांकी अर्धी असावी, वेळ दुपारची असावी, मागें माणसांऐवजीं मातीचीं पोतीं असावींत, आणि तीच ओढ्याची चढण असावी. एकाच वेळीं दोन भाग मात्र बदलूं नयेत; गाडी सुधारली तर कोणत्यामुळें, हें कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं दोन्हींचा खर्च पुन्हां करावा लागतो. गाडी चढली, म्हणजे त्या दिवशीं पंधरा सेकंदांत किती मिलिलिटर पेट्रोल आलें होतें तो आंकडा, गाळणीचें माप आणि नळी बदलल्याचा महिना, हीं बॉनेटच्या आंतल्या बाजूस रंगानें लिहून ठेवावींत.